आधी दुकानदाराला फोन करा

वाचकाचं पत्र:
"मी सांगलीची, वय 66, निवृत्त शिक्षिका. आमच्या यांना फोटोंचं भारी वेड. 2005 साली पहिला डिजिटल कॅमेरा घेतला, तेव्हापासून गेल्या वर्षी ते जाईपर्यंतचे जवळजवळ 38 हजार फोटो घरच्या डेस्कटॉपवर आहेत. रात्री जेवणं झाली की पिकासा हा फोटोंचा प्रोग्रॅम उघडून बसायचे. कुठला चेहरा कुणाचा ते लिहायचे, आवडत्या फोटोंना तारे द्यायचे, वाकडे फोटो सरळ करायचे. आता तो कॉम्प्युटर सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं घेतो. दुकानदार म्हणतो, 'काकू, फोटो तेवढे बाहेर काढतो आणि मशीन फॉरमॅट मारतो.' शनिवारी येणार आहे. मुलाने बंगळुरूहून नवा लॅपटॉप पाठवलाय, त्याचं म्हणणं सगळं गूगल फोटोजवर टाक. भाचा कोल्हापुरात लग्नाचे फोटो काढतो, तो म्हणतो लाइटरूम घे. शिवाय 2019 च्या पुरात खालच्या खोलीतले अल्बम भिजले, वाचलेले स्कॅन करायचेत. त्यातली माणसं ओळखणाऱ्या आता तासगावच्या माझ्या वन्संच उरल्यात, वय 84. मी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?"

ताई,

सॉफ्टवेअरचं पुढे बघू. आधी दुकानदाराला फोन करा आणि शनिवारी येऊ नको म्हणून सांगा. त्याच्या मनात खोट नाही, पण "फोटो तेवढे" हे त्याचे दोन शब्द वाचून मला धडकी भरली. तुमच्या यजमानांचं निम्मं काम फोटोंच्या फाइलींमध्ये नाहीच. ते आजूबाजूला ठेवलेलं आहे, आणि फोटो तेवढे उचलले तर ते मागेच राहील.

पिकासाची कामाची पद्धत तशीच होती. फोटोखाली लिहिलेली ओळ आणि टॅग तो जेपेग फाइलच्या आत लिहायचा, ते सुखरूप असतील. पण वाकडा फोटो सरळ केला, कडा कापल्या, उजेड वाढवला, तर तो मूळ फोटोला हात लावत नसे. काय काय केलं याची नोंद त्याच फोल्डरमध्ये एका लपलेल्या छोट्या फाइलीत करायचा. 'सेव्ह'चं बटण दाबलं तरच बदल फोटोत उतरायचे, आणि तेव्हाही मूळ प्रत एका लपलेल्या फोल्डरमध्ये जपून ठेवायचा. तारे त्या छोट्या फाइलीतच. चेहऱ्यांची नावंसुद्धा, वेगळी सेटिंग केलेली नसेल तर, पिकासाच्या स्वतःच्या नोंदींमध्येच राहायची. म्हणजे कुणी फोल्डर उघडून दिसतील तेवढे फोटो उचलले, तर लपलेलं सगळं तिथेच राहतं आणि फॉरमॅटमध्ये पुसलं जातं. एवढ्या रात्रींची नावं जातील, फोटो तेवढे राहतील.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी स्वतः एका प्रोग्रॅममध्ये (नाव घेत नाही, आता त्याला बोल लावून काय होणार) दोन हिवाळे बसून घरातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यांना नावं दिली होती. पुढे कॉम्प्युटर बदलला, फोटो नीट कॉपी केले, आणि नव्या मशीनवर उघडून बघितलं तर सगळे अनोळखी. माझी आजीसुद्धा "अज्ञात व्यक्ती". त्या दिवसापासून कुठलंही सॉफ्टवेअर बघताना मी पहिला प्रश्न एकच विचारते: उद्या मी तुला सोडून गेले, तर माझं काम माझ्याबरोबर येऊ देशील का? रंग किती सुंदर करतोस, ढग किती निळे करतोस, ते मागाहून.

आता त्या म्हाताऱ्या डेस्कटॉपकडून शेवटची सेवा करून घेऊ. पंधरा मिनिटं घेऊ दे, तुम्ही तोवर भाजी निवडा.

एक नवी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणा, 1 टीबीची पुरे. यजमान ज्या युजरच्या नावाने कॉम्प्युटर उघडायचे, त्या युजरचा अख्खा फोल्डर तिच्यावर कॉपी करा. आतले फोटो वेगळे निवडत बसू नका, फोल्डरच उचला, म्हणजे लपलेल्या फाइलीही येतात. डी ड्राइव्हवर फोटो असतील तर ते फोल्डरही तसेच. मध्येच "ही फाइल वापरात आहे" अशी तक्रार आली तर स्किप म्हणा. रात्री लावून झोपा. ही प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. पुढचं काही चुकलं तर हिचाच आधार आहे, तोवर तिला हात नाही.

मग डेस्कटॉपवरच पिकासा उघडा. अख्ख्या संग्रहावर नको, आधी एक छोटं फोल्डर घ्या, एखाद्या सहलीचं. त्यातले बदल 'सेव्ह' करा. मग वरच्या टूल्स मेनूमध्ये 'एक्सपेरिमेंटल' म्हणून एक कोपरा आहे, तिथे चेहऱ्यांची नावं एक्सएमपीमध्ये लिहा अशी आज्ञा इंग्रजीत सापडेल. एक्सएमपी म्हणजे फोटोच्या फाइलीतच जोडलेली चिठ्ठी. जुन्या फोटोच्या पाठीवर आपण निळ्या शाईने "सौ. इंदू, मिरज" असं लिहायचो ना, तेच. ही चिठ्ठी बहुतेक चांगली सॉफ्टवेअर वाचतात. ताऱ्यांसाठी एक युक्ती आहे. पिकासात फक्त तारांकित फोटो दाखवायची सोय होती, ते सगळे एकदम निवडा आणि त्यांना इंग्रजी अक्षरांत एखादा साधा टॅग द्या. तारा फोटोबरोबर येत नाही, टॅग येतो.

ते एक फोल्डर नव्या लॅपटॉपवर नेऊन नावं दिसतात का ते बघा, मगच बाकीच्या फोल्डरांना हात घाला. भाच्याला एक रविवार मागून घ्या. लाइटरूमचं कौतुक तो नंतरही करू शकेल.

त्याच्या सल्ल्याबद्दल सांगते. लाइटरूम उत्तमच आहे, आणि त्याच्या धंद्याला तेच लागतं. दोन दिवसांच्या लग्नात दोन-अडीच हजार फोटो काढायचे, तेही रॉ फाइलींत (म्हणजे जेपेग व्हायच्या आधीचा, कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा फोटो), मग मांडवातल्या पिवळ्या उजेडातली नवरी सगळ्या फोटोंत एकाच रंगाची दिसली पाहिजे. एका फोटोवर केलेलं काम तीनशे फोटोंवर एका झटक्यात चढवणं ही लाइटरूमची खरी ताकद. पण ते भाड्याचं घर आहे. 2017 नंतर त्याची एकदाच पैसे भरून घ्यायची नवी आवृत्ती आलेली नाही, दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे मोजायचे. पैसे थांबवले तरी लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो दिसतात, बाहेर काढता येतात, पण जिथे फोटो सुधारायचे तो डेव्हलप विभाग बंद होतो. भाच्याचे हे पैसे गिऱ्हाइकाच्या बिलातून निघतात, तुमचे पेन्शनमधून जातील. तुम्हाला तीनशे नवऱ्या एका रंगात आणायच्या नाहीयेत. यजमानांनी रॉमध्ये फोटो काढले होते का, एवढं मात्र भाच्याकडून बघून घ्या. फाइलीच्या शेवटी सीआर2 किंवा एनईएफ असं काही असेल तर ते रॉ. असले तरी लाइटरूमच हवं असं नाही, रॉसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही फुकट आहेत आणि कामाला तोलामोलाची आहेत. शिकायला मात्र दोन्ही चिवट.

मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. शोधण्यात गूगल फोटोजचा हात धरणारं मला दुसरं माहीत नाही. "समुद्र" म्हटलं की समुद्र पुढे येतो, आणि बंगळुरूत बसून त्याला सगळं दिसेल. पण हिशेब करा. एक फोटो सरासरी 4 एमबीचा धरला तर 38 हजारांचे दीडशे जीबी होतात. फुकट मिळते 15 जीबी, तीही तुमच्या जीमेल आणि ड्राइव्हसह. कितीही फोटो फुकट ठेवा ही सोय 1 जून 2021 पासून बंद झाली. म्हणजे दर महिन्याचं भाडं इथेही आलंच. माझी मुख्य अडचण वेगळी आहे. गूगल फोटोजमध्ये चेहऱ्याला दिलेलं नाव तिथेच राहतं, फोटोच्या फाइलीत उतरत नाही. तिथे दुरुस्त केलेली तारीख किंवा लिहिलेली ओळ, सगळा संग्रह बाहेर काढायला गेलात तर, शेजारच्या वेगळ्या फाइलीत मिळते. फोटो इकडे, चिठ्ठी तिकडे. पुन्हा पिकासाचीच गोष्ट. आणि पिकासाही गूगलचाच होता बरं का; 2004 मध्ये विकत घेतला, 2016 मध्ये थांबवला. वाईट म्हणून नव्हे, कंपन्यांचं असंच असतं. आपले अल्बम त्यांच्यापेक्षा जास्त जगायला हवेत, इतकंच.

आणखी एक, मुलालाही वाचून दाखवा. गूगलवर फोटो ठेवणं म्हणजे सुरक्षित प्रत ठेवणं नव्हे. त्या ॲपमध्ये चढवलेला फोटो पुसलात तर तो फोनमधूनही जातो आणि गूगलवरूनही. काही दिवस कचरापेटीत राहतो, पण लक्षात आलं तर ना! म्हणून फोनमधले रोजचे फोटो आणि मुलाला दाखवायचे निवडक हजारभर तिथे ठेवा, अख्खा संग्रह नको.

मग तुम्ही घ्यायचं काय? डिजीकॅम घ्या. फुकट आहे, मुक्त आहे, 2001 पासून जगभरचे लोक मिळून ते चालवताहेत. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं, त्यामुळे उद्या मुलाने दुसऱ्या जातीचा लॅपटॉप पाठवला तरी अडत नाही. त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवा, दुसरीकडून नको. ते नव्या लॅपटॉपवर टाका, जुन्या डेस्कटॉपला ते झेपणार नाही.

मला ते आवडतं त्याचं कारण साधं आहे. तुमच्या डिस्कवरचं फोल्डर म्हणजेच डिजीकॅमचा अल्बम. ते फोटो गिळून कुठे आपल्या पोटात ठेवत नाही. उद्या डिजीकॅम काढून टाकलं तरी फोल्डर जिथल्या तिथे. पिकासाने लिहिलेली चेहऱ्यांची चिठ्ठी ते वाचतं. नवे चेहरे ओळखण्याचं कामही तुमच्याच लॅपटॉपवर होतं, फोटो कुठे बाहेर जात नाहीत. त्यासाठी पहिल्या वेळी ते आणखी काही मोठ्या फाइली मागेल, वायफाय चालू ठेवून मागू द्या. मात्र सेटिंग्जमध्ये 'मेटाडेटा' नावाचं पान उघडून चेहरे, टॅग, मथळे आणि तारखा फाइलीत लिहायच्या त्या चौकटींत खूण आहे का ते आवर्जून बघा. नसेल तर करा. एवढी एक गोष्ट राहिली तर डिजीकॅमही आपल्या नोंदवहीत लिहीत बसेल आणि मी वर एवढं लिहिलेलं पाण्यात जाईल.

दिसायला मात्र देखणं नाही हो. जुन्या किराणा दुकानासारखं आहे: सगळं मिळतं, पण कुठल्या बरणीत ते दुकानदारालाच ठाऊक. पहिल्यांदा 38 हजार फोटो वाचायला रात्रभर घेईल. घाबरू नका. तुम्हाला लागणाऱ्या बरण्या पाच-सहाच आहेत.

चेहरे ओळखताना गंमत होते ती आधीच सांगते. आपल्या घरांत सख्खे-चुलत सगळे एकाच साच्याचे, त्यामुळे ते थोरल्या दिरांना धाकटे करील. गणपतीच्या मूर्तीचा चेहरा ओळखून नाव विचारील. भिंतीवरच्या तसबिरीतले सासरे प्रत्येक हळदीकुंकवाला हजर दिसतील. त्यांना नाव देऊन टाका, होतेच की ते.

नावं देताना नातं लिहू नका. ही चूक सगळे करतात. "आई" लिहिलंत तर ती तुमची की मुलाची? "काकू" तर गल्लीभर असतात. पूर्ण नाव लिहा, आणि बायकांच्या बाबतीत माहेरचं नावही त्याच टॅगमध्ये घाला, नाहीतर लग्नाआधीची शकुंतला आणि नंतरची सौ. सुलभा या दोन वेगळ्या बायका होऊन बसतात. मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, एक्सएमपी देवनागरी व्यवस्थित सांभाळतं. फक्त र्‍हस्व-दीर्घ एकदा ठरवा. "दिपक" आणि "दीपक" हे कॉम्प्युटरच्या लेखी दोन माणसं. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला मी काय सांगू.

फोल्डरांच्या नावात आकडे आधी: 2011-05 महाबळेश्वर, 2014-09 गणपती. मग ती आपोआप ओळीने लागतात. कॅमेऱ्याची बॅटरी संपून घड्याळ मागे गेलेलं असेल तर अख्खी सहल भलत्याच वर्षात जाऊन बसते. डिजीकॅममध्ये सगळ्या फोटोंची वेळ एकदम पुढेमागे करायची सोय आहे, एकेक दुरुस्त करू नका.

फॅमिली ग्रुपवरून आलेले फोटो वेगळ्या फोल्डरात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं आणि कधी, कुठे काढला ती माहिती गाळून टाकतं. भाचीच्या बारशाचे चांगले फोटो हवे असतील तर तिला "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं सांगा, मूळ फाइल जशीच्या तशी येते. शुभ सकाळची कमळं आणि चहाचे कप मात्र निर्दयपणे उडवा. ते काही आपल्या घराण्याच्या इतिहासात येत नाहीत.

फोटो सुधारण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण घरच्या कामाला फार लागतही नाही. सरळ करणं, कडा कापणं, उजेड, विटलेला रंग. हे सगळं डिजीकॅमच्या आतच होतं, आणि ते बदललेली प्रत वेगळी ठेवून मूळ फोटो तसाच राहू देतं. पुरात भिजलेल्या फोटोंवरचे डाग काढायचे असतील तर गिंप आहे, तेही फुकट. पण एक डाग काढायला एक संध्याकाळ जाते, तेव्हा दहा-बाराच निवडा. हल्ली एका क्लिकमध्ये जुना फोटो नवा करून देणारी एआयची साधनं निघाली आहेत. सजावटीला ठीक. पण जिथे फोटोत नाक पुसलं गेलंय तिथे ते साधन नाक कल्पनेने बसवतं. फोटो चकाकतो आणि त्यातले आजोबा भलतेच कुणीतरी होतात. असं काही केलंत तर ती प्रत वेगळी, आणि तिच्यावर तसं लिहिलेलं.

स्कॅन 600 डीपीआयवर (म्हणजे इंचाला 600 ठिपके) करा, आपल्याकडचे जुने फोटो लहान असतात. पाठीवर काही लिहिलं असेल तर पाठही स्कॅन करा. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढू नका, तो अल्बम तसाच अख्खा ठेवून आधी बाकीचे उरका. स्कॅनरला फोटोची तारीख कळत नाही, तो आजची तारीख मारतो, ती बदलावी लागते. नुसतं साल आठवत असेल तर 1 जानेवारी 1978 अशी तारीख घाला आणि मथळ्यात "अंदाजे" लिहा. नाहीतर तीस वर्षांनी तुमची नात म्हणेल, आमच्याकडे सगळी लग्नं 1 जानेवारीलाच व्हायची.

आणि सांगलीत राहणाऱ्या माणसाला मी पाण्याबद्दल काय सांगावं! पहिली डिस्क कपाटात आहेच. सगळं झाल्यावर दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत करा आणि ती मुलाबरोबर बंगळुरूला जाऊ द्या. दिवाळीत तो आला की नवी प्रत भरायची, जुनी बदलायची. कपाटातली वरच्या मजल्यावर.

आता क्रम. डेस्कटॉपची प्रत या आठवड्यात. पिकासातली नावं बाहेर काढणं भाच्याच्या रविवारी. डिजीकॅम महिन्याभराने सुरू केलंत तरी काही बिघडत नाही, 38 हजार फोटो थांबायला तयार आहेत. वन्संचं वय 84 आहे. भिजून वाचलेले अल्बम स्कॅन व्हायची वाट बघू नका, तसेच कागदी घेऊन तासगावला जा किंवा त्यांनाच चार दिवस आणवून घ्या. फोटोला हळूच पेन्सिलीने पाठीवर आकडा घाला, त्यांच्यापुढे धरा, आणि फोनवर आवाज मुद्रित करत ठेवा: "फोटो सतरा". त्या एका नावावर थांबणार नाहीत, कोण कुणाशी का बोलत नव्हतं तेही सांगतील, सांगू द्या. नावं टाइप करणं पुढे कधीही होईल. त्यांचा वाचायचा चष्मा तेवढा बरोबर आणायला सांगा.